भजनी मंडळासाठी कॉर्डलेस माइक घ्यायचाय, त्यात नेमकं काय काय असतं?

तुम्ही विचारलंय, संचात कोणते भाग असतात आणि दुकानात झकास चालणारा माइक देवळात मध्येच आवाज का गिळतो. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच आहे. मी कोल्हापुरात साउंडचं काम करतो, त्यामुळं हे दुखणं रोजचंच.

हातातल्या माइकात जाळीखाली कॅप्सूल असते, ती आवाजाची वीज करते. दांड्यात सेल आणि ट्रान्समीटर, म्हणजे तो आवाज रेडिओ लहरींवर पाठवणारा भाग, आणि बहुतेक माइकांत अगदी बुडाला अँटेना. बुवा रंगात आले की माइकचं बूडच मुठीत आवळतात, म्हणजे सिग्नलचा गळाच धरला. कॉलर माइकात हीच मंडळी वेगवेगळी राहतात: कॅप्सूल छातीवर, बाकी सगळं कमरेच्या डबीत. त्या डबीची अँटेना सरळ लोंबू द्या, गुंडाळून खिशात कोंबू नका.

समोर रिसीव्हर. तो लहरी पकडून पुन्हा आवाज करतो आणि मिक्सरला, म्हणजे सगळ्या माइकांचे आवाज एकत्र करणाऱ्या पेटीला, देतो. सिग्नल नसला की खरखर ऐकू येऊ नये म्हणून आवाज बंद करणारं स्क्वेल्च त्यातच असतं. ॲनालॉग संचात ट्रान्समीटर आवाज दाबून पाठवतो आणि रिसीव्हर तो परत फुलवतो. म्हणून एका कंपनीचा माइक आणि दुसरीचा रिसीव्हर असली जोडगोळी जमवू नका, फ्रिक्वेन्सी जुळली तरी आवाज विचित्र येतो.

आता खरी गंमत. एकदा खासबागेत कुस्त्यांना निवेदकाला कॉर्डलेस दिला होता. मैदान बशीसारखं, मधे हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक. दुपारी रिकाम्या मैदानात सगळीकडं फिरून बघितलं, आवाज खणखणीत. रिसीव्हर मी टेबलाखाली ॲम्प्लिफायरच्या मागं सरकवला होता. संध्याकाळी मैदान भरलं, मोठी कुस्ती लागली, माणसं उठून उभी राहिली आणि निवेदक मुका! माणसाच्या अंगात पाणी, आणि या लहरी पाण्यात जिरतात. गर्दी म्हणजे पाण्याची भिंतच. रिसीव्हर उचलून काठीला डोक्यांच्या वर बांधला, तेव्हा सुटलो. शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

तेव्हापासून रिसीव्हर मी मिक्सरपाशी ठेवतच नाही. तो स्टेजजवळ, उंचावर, माइकला दिसेल असा ठेवतो आणि तिथून मिक्सरपर्यंत लांब एक्सएलआर, म्हणजे माइकची तीन पिनांची केबल ओढतो. अँटेनाची वायर लांबवली तर सिग्नल वाटेतच गळतो, आवाजाची ही बॅलन्स्ड, म्हणजे बाहेरची खरखर मारणारी केबल मात्र लांबवर बिनघोर जाते.

दुसरं कारण भिंती आणि पत्रे. थेट आलेली लहर आणि आपटून आलेली लहर एकमेकींना मारतात. ६०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी साधारण ५० सेंटीमीटर, म्हणून वीतभर सरकलं तरी मेलेला आवाज जिवंत होतो. यावर उपाय डायव्हर्सिटी रिसीव्हर: दोन अँटेना, त्यातली ज्या क्षणी जी चांगली ऐकते ती धरायची. पण दोन काड्या दिसल्या की डायव्हर्सिटी, असं समजू नका. दोन माइकांच्या स्वस्त संचात कित्येकदा एक काडी एका माइकची आणि दुसरी दुसऱ्याची असते. दुकानदाराला स्पष्ट विचारा. पैसे वाढवायचेच तर माझ्या मते इथं वाढवा, चकचकीत जाळीवर नको.

पुढं तिसरा माइक घ्याल तेव्हा एक लक्षात ठेवा. ६००, ६०२, ६०४ मेगाहर्ट्झ असं सारख्या अंतरानं लावणं दिसायला नीटनेटकं, पण पहिले दोन मिळून ५९८ आणि ६०४ वर भुतं, म्हणजे नको असलेले सिग्नल, उठवतात आणि तिसरा बिचारा त्यातच सापडतो. चांगल्या रिसीव्हरमध्ये आधीच हिशेब करून ठेवलेले ग्रुप असतात. सगळे माइक एकाच ग्रुपमधल्या वेगवेगळ्या चॅनेलवर लावा.

सेल कार्यक्रमागणिक नवे घाला, कालचे अर्धे उरलेत म्हणून घालू नका.

आणि घेण्याआधी दुकानातल्या पोराला माइक देऊन रस्त्यावर पिटाळा. त्याला बोलत बोलत चालू द्या, मधेच पाठ फिरवायला सांगा. तुम्ही आत स्पीकरपाशी कान लावून बसा.