‘ओके आहे’ म्हणून परत आलेलं इंजिन उडवण्याआधी

तुमची पोस्ट दोनदा वाचली. सेकंडहॅन्ड पॅरामोटर (पाठीवर इंजिन आणि पंखा, डोक्यावर पॅराग्लायडरची विंग) घेतली, जमिनीवर इंजिन झकास चालतं, पण हवेत आठ-दहा मिनिटं झाली की फुल थ्रॉटललाही जोर राहत नाही. सर्व्हिसवाल्यांनी ‘चेक केलं, ओके आहे’ म्हणून परत पाठवलं. रविवारी तासगावच्या बाजूला उडायचं ठरलंय, तर उडू का, असं विचारलंय.

नका उडू.

तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे: ‘थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लगेच खाली येत नाहीत, थोडा वेळ वरच रेंगाळतात.’ त्या एका ओळीमुळे एवढं लांब लिहायला बसलोय. माझ्या इंजिनाचं अगदी हेच दुखणं होतं, आणि मलाही ‘ओके’च सांगितलं होतं.

आधीच सांगतो, मी इन्स्ट्रक्टर नाही आणि मेकॅनिकही नाही. कराडच्या आसपास बरीच वर्षं उडतोय आणि आता इंजिनाचं काम शक्यतो स्वतः करतो, इतकंच. मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर मॅन्युअलचं ऐका. लेग स्ट्रॅप, रायझरचा पीळ, रिझर्व्हची पिन, वारा हे तुम्हाला शिकवलेलंच असणार, त्यात शिरत नाही.

आपल्या टू-स्ट्रोकला तेल वेगळं मिळत नाही, पेट्रोलमधूनच जातं. त्यामुळे मिक्स्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालं की इंधन कमी, म्हणजे तेलही कमी आणि आतला गारवाही कमी. पिस्टन तापतो, फुगतो आणि सिलिंडरला चिकटतो. आरपीएम रेंगाळणं हे बहुतेक वेळा कुठून तरी फुकटची हवा आत येत असल्याचं लक्षण असतं. आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता, इंजिन गोड चाललं म्हणून फसू नका. खरी परीक्षा गरम झालेल्या इंजिनाची, फुल थ्रॉटलला, पाठीवर पूर्ण वजन घेऊन चढताना होते.

कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी टाकीचं व्हेंट, म्हणजे हवा आत जायचं बारीक भोक, बघा. इंजिनानं दम टाकला की बंद करा आणि लगेच झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत गेली, तर व्हेंट तुंबलंय. टाकीत पोकळी होते, पेट्रोल वर चढत नाही, इंजिन उपाशी मरतं. कुंभारमाशी तेवढ्या बारीक भोकातही चिखल भरते. हे निघालं तर नशीब समजा, एका तारेत काम होतं. फुस्स झालं नाही, तर नळीकडे बघा. फुल थ्रॉटलला पारदर्शक नळीत बुडबुड्यांची माळ दिसते का? नळी पिवळी पडून कडक झाली असेल तर जोडाच्या टोकाशी हवा ओढते. नळी बदला, नुसती क्लिप आवळत बसू नका. मग फिल्टर, मग कार्ब्युरेटरचा डायफ्राम, म्हणजे आतला पातळ लवचीक पडदा. तो बोटावर घेतला तर ओल्या कागदासारखा लोळला पाहिजे. वाकवल्यावर पत्र्यासारखा आवाज आला तर गेला. एवढं करूनही आरपीएम रेंगाळत असतील, तर इंजिनात लीक आहे असंच धरून चाला.

आता माझं सांगतो. ज्यांच्याकडे इंजिन दिलं होतं त्यांचं नाव घेत नाही. मोठ्या शहरातलं सर्व्हिस सेंटर, भिंतीवर सर्टिफिकेटं, स्वच्छ टेबल. मी स्पष्ट लिहून दिलं होतं: गरम झाल्यावर पॉवर पडते, आयडल रेंगाळतं, प्रेशर टेस्ट (इंजिनात हवा भरून गळती बघणं) करून द्या. ‘त्याची गरज नसते’ असं उत्तर आलं. इंजिन कित्येक आठवडे पडून राहिलं. परत आलं तेव्हा जॉब कार्डवर दोनच शब्द होते, ‘जनरल सर्व्हिस’, आणि खाली भलं मोठं बिल. काय उघडलं, काय बदललं, जुने पार्ट कुठे गेले, काही नाही. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. शेवटी एकानं सांगितलं, इथं स्टँडवर चालवून बघितलंय, एकदम ओके.

त्यानंतर एका सकाळी टेक-ऑफनंतर चढतानाच इंजिनाचा आवाज बारीक, धारदार व्हायला लागला. थ्रॉटल कमी करेपर्यंत गचकन थांबलं. खाली आडसाली ऊस, डोक्याच्या कितीतरी वर गेलेला. त्यातच उतरावं लागलं. प्रॉपचे (पंख्याचे) तुकडे झाले, त्याच्याभोवतीचा केज दोन ठिकाणी वाकला, विंगच्या ओळी (दोऱ्या) पाल्यात गुंतल्या. शेताचा मालक आणि त्याची दोन पोरं कोयते घेऊन आली आणि एकेक ऊस अलगद तोडून त्यांनी विंग मोकळी केली. नुकसानीचे पैसे घ्यायला ते तयार नव्हते. सर्व्हिस सेंटरनं मात्र ‘तुम्ही पेट्रोल-तेलाचं मिक्स चुकीचं केलं असेल’ म्हणून विषय संपवला. सिलिंडर, पिस्टन, बेअरिंग, प्रॉप आणि अख्खा सीझन गेला. पैशापेक्षा मला राग येतो तो याचा, की लेखी मागितलेली टेस्ट केली असती तर हे सगळं टेबलावरच सापडलं असतं.

ते सापडलं कुठे, तर आमच्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे. जन्मभर टू-स्ट्रोक मोटारसायकली उघडलेला माणूस, पॅरामोटर पहिल्यांदाच बघत होता. त्यांनी सायलेन्सर आणि कार्ब्युरेटर काढला, पिस्टन खाली आणला, प्लग जागेवरच ठेवला. दोन्ही तोंडांवर रबर आणि पत्र्याची पट्टी आवळली. कार्ब्युरेटरकडच्या पट्टीतून एक नळी बाहेर काढली आणि तिला बीपी मोजायच्या यंत्राचा फुगा आणि डायल जोडली. काटा ३०० (मिलिमीटर पारा) वर नेला. हे जवळपास ६ पीएसआय होतात, अशा टेस्टला साधारण एवढाच दाब लागतो. त्याहून जास्त हवा भरू नका, ऑइल सील उखडेल. काटा तिथंच थांबला पाहिजे, पुढच्या काही मिनिटांत फार तर किंचित हलावा. आमचा काटा बघता बघता खाली आला. मग ब्रशनं साबणाचं पाणी लावलं, तर रीड व्हॉल्व्हच्या (कार्ब्युरेटरकडून इंजिनात एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या झडपेच्या) ब्लॉकखाली फेस उठला. उघडून बघितलं तर जुनंच पॅकिंग, वर सिलिकॉनची ट्यूब फासलेली. साधं सिलिकॉन पेट्रोलपुढे टिकत नाही, फुगतं आणि सुटून येतं. हाताला चिकट दोऱ्यांसारखं लागत होतं. हीच त्यांची ‘जनरल सर्व्हिस’.

तेव्हा तुमच्या सर्व्हिसवाल्यांकडून तीन गोष्टी लेखी घ्या: काय उघडलं, काय बदललं, प्रेशर टेस्टचा आकडा किती आला. जुने पार्ट पिशवीत घालून परत मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर त्यांनी काही उघडलंच नाही असं खुशाल समजा. हे माझं मत आहे, काहींना कडक वाटेल. पण सर्व्हिसहून आलेलं इंजिन मी आता न उघडलेलंच मानतो आणि सगळे नटबोल्ट पहिल्यापासून बघतो.

पेट्रोलबद्दलही लिहायला हवं, कारण तुमचे डायफ्राम आणि नळ्या त्यामुळेही गेल्या असतील. २०२५ पासून जवळजवळ सगळ्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्या सातारा-सांगलीत उसाच्या जिवावरच घरं चालतात, इथेनॉलमुळे कारखान्यांना आणि शेतकऱ्याला चार पैसे मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथेनॉलमध्ये वजनानं जवळपास ३५ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणजे तेच सेटिंग ठेवलं तर इंजिन आणखी लीन चालतं. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल पाण्यासकट खाली बसतं, तेल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. आणि आपला पिकअप, म्हणजे पेट्रोल ओढणाऱ्या नळीचं तोंड, टाकीच्या तळाशी असतो! पावसाळाभर कॅनमध्ये राहिलेलं मिक्स म्हणूनच ओतून द्या, गाळून वापरू नका. किती इथेनॉल आहे ते घरी बघता येतं: मापाच्या नळकांड्यात १०० मिली साधं पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवा, थोडा वेळ ठेवा. खालचा थर १० चा वाढून ३० च्या आसपास गेला, तर २० टक्केवालं आहे. हे मोकळ्या हवेत करा, जवळ विडी-काडी नको. तेलाचं प्रमाण कंपनीनं दिलेलंच ठेवा. अडीच टक्के सांगितलं असेल तर ५ लिटरला १२५ मिली, आणि ते मोजून घ्या. बाटलीच्या झाकणानं अंदाजे घालणारे फार भेटतात. मिक्स ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी करा.

रोजच्या तपासणीत मी जिथं सगळ्यात जास्त वेळ घालवतो ते सांगतो. किल स्विच. बहुतेक इंजिनांत हा स्विच इग्निशनची वायर इंजिनाच्या बॉडीला जोडून (अर्थिंग देऊन) इंजिन बंद करतो, म्हणजे वायर तुटली तर इंजिन बंदच होणार नाही. म्हणून जमिनीवर चालू केल्यावर पहिलं काम त्यानंच बंद करून बघायचं, मग पुन्हा सुरू. चोक ओढून किंवा पेट्रोलची नळी दाबून इंजिन कसं मारायचं तेही हाताला माहीत पाहिजे. स्टार्टरची दोरी ओढण्याआधी थ्रॉटल खरंच आयडलला परत येतोय का ते केबल हलवून बघा, आणि फ्रेम गुडघ्यानं पक्की दाबून धरा. फिरत्या प्रॉपनं हात जातो तो बहुतेक असाच, जमिनीवर, घाईत.

प्रॉप तपासताना प्लगची कॅप काढून ठेवा. पुढच्या धारेवरून नख फिरवा, डोळ्याला न दिसलेली खाच नखाला लागते. कार्बनचा असेल तर नाण्यानं टोकत जा, एखाद्या जागी आवाज बद्द आला तर आतले थर सुटलेत. लाकडी प्रॉप पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो, त्यामुळे ऋतू बदलला की बोल्ट टॉर्क रेंचनं पुन्हा तपासा. ‘हाताला कळतं’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आवळल्यावर बोल्टावरून खालच्या फ्लँजवर (प्रॉप बसतो त्या चकतीवर) रंगाची एक रेघ मारा, सरकला की लगेच दिसतं.

सायलेन्सरचे रबर माउंट आणि स्प्रिंग हलवून बघा, वेल्डिंगच्या कडेला काळी रेघ दिसली तर तिथं चीर आहे. तुटलेला तुकडा सरळ प्रॉपमध्ये जातो. आपल्याकडे तोडणी झाली की पाचट पेटवतात. त्या काजळीत उडत असाल तर एअर फिल्टर एरवीपेक्षा लवकर धुवा.

विंग घडी करण्याआधी तिच्या सेलमध्ये (कापडाच्या कप्प्यांत) नाकतोडे राहिले नाहीत ना ते बघा, कापड कुरतडून बाहेर येतात. उसाच्या पाल्याची धार ओळींना कापते. खोडव्याच्या फडातून विंग ओढत आणली असेल, तर प्रत्येक ओळ बोटांतून ओढून बघा.

तासगावकडे उडायचंच झालं तर आणखी एक. तिथं खाली द्राक्षबागा आहेत, लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा. इंजिन बंद पडलं तर बागेपेक्षा ऊस कितीतरी बरा, आणि उसापेक्षा मोकळं रान. बागांवरून जाताना इंजिन बंद पडलं तरी तरंगत मोकळ्या रानापर्यंत पोचता येईल एवढी उंची ठेवा. शेतपंपांच्या विजेच्या तारा पहाटेच्या उन्हात दिसतच नाहीत, खांब शोधा. परवानग्यांचं मी इथं काही लिहीत नाही, तो विषय वेगळा आणि तिथं माझा अनुभवही कमी.

इंजिनाचा मॉडेल आणि कार्ब्युरेटरवर कोरलेला नंबर टाका, कुठलं डायफ्राम किट बसेल ते सांगतो. फुल थ्रॉटलला पॉवर पडायला लागली की तिथंच किल करून प्लग काढा आणि त्याचा फोटो उजेडात घेऊन टाका, आयडलवर चालवून काढलेल्या प्लगचा उपयोग नाही. हे जमिनीवर करा, फ्रेम पक्की बांधून आणि प्रॉपच्या मागे-बाजूला कोणी नसताना. जमलं तर रीड ब्लॉकच्या कडेचाही एक फोटो काढा, पॅकिंगच्या बाहेर सिलिकॉन आलंय का ते बघायचंय.