निकोटीनचं च्युइंगम घेऊनही तलफ जात नाही, उचक्या लागतात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सिगारेट सोडायला आठवडाभर 2 मिलिग्रॅमचं निकोटीन च्युइंगम घेताय, पण उचक्या लागतात, तलफ जात नाही आणि आता याचंच व्यसन लागेल अशी धास्ती वाटते. माझं परळला मेडिकल आहे. ही तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी विचारतो, चावता कसं?

साध्या च्युइंगमसारखं भराभर चावलं की निकोटीन थुंकीबरोबर पोटात जातं. तिथे त्याचा उपयोग कमी आणि उचक्या, जळजळ, मळमळ जास्त. ते गालाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जायला हवं. म्हणून सावकाश चावा, मिरीसारखा झणका लागला की थांबा आणि गाल नि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. झणका ओसरला की पुन्हा थोडं चावा आणि जागा बदला. एक च्युइंगम असं अर्धा तास पुरतं.

दुसरी गोष्ट कटिंगची. सिगारेट सुटते, पण टपरी सुटत नाही. चहाच्या घोटाबरोबर च्युइंगम तोंडात असेल तर निकोटीन नीट शोषलं जात नाही. चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू सरबत 15 मिनिटं आधीपासून बंद, च्युइंगम तोंडात असेपर्यंतही बंद. आणि हे सिगारेटसारखं झटक्यात चढत नाही. स्टेशनबाहेर पडताच तलफ येत असेल तर लोकलमध्ये दोन स्टेशनं आधीच तोंडात टाका.

सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागायची का? मग 2 चं बहुधा पुरणार नाही. डॉक्टरांना दाखवा, ते 4 चं लिहून देतील किंवा पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी, देऊन जोडीला च्युइंगम ठेवतील. नुसत्या एकापेक्षा या जोडीने जास्त गुण येतो. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल किंवा गरोदरपण असेल, तर मात्र विचारल्याशिवाय काहीच घेऊ नका.

व्यसनाचं म्हणाल तर जीव घेतो तो धूर, त्यातलं टार आणि कार्बन मोनॉक्साइड. च्युइंगममधून निकोटीन हळूहळू येतं, त्यामुळे त्याची चटक क्वचितच लागते. साधारण तीन महिन्यांत कमी करत बंद करायचं असतं. मला खरी काळजी वाटते ती पंधरा दिवस बरे गेले की च्युइंगमचं पाकीट बाजूला टाकणाऱ्यांची. तुम्ही तसं करू नका.

1800-11-2356 ही सरकारी क्विटलाइन, म्हणजे व्यसन सोडायला मदत करणारी फोनसेवा, मोफत आहे. फोन कराल तेव्हा दिवसाला किती च्युइंगम लागतात आणि तलफ कोणत्या वेळी येते, हे सांगा.