टिकलीकडे पाहून बोलणे

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून नाशिकला एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम करते. हळदीकुंकू, बारसे अशा समारंभांहून परतल्यावर पुढचे दोन दिवस मला कुणाशी बोलवत नाही. मिक्सर सुरू झाला की स्वयंपाकघरातून बाहेर यावे लागते, आणि कार्यालयात माझे टेबल हलवले तेव्हा आठवडाभर साधी बेरीज जुळेना. स्वमग्नतेविषयी, म्हणजे ऑटिझमविषयी वाचले, तेव्हा अनेक गोष्टींचा उलगडा झाल्यासारखे वाटले. परंतु मानसोपचारतज्ज्ञांनी दहा मिनिटांत सांगितले, ‘तुम्ही नजरेला नजर देऊन बोलता, संसार आणि नोकरी सांभाळता, तुम्हाला ऑटिझम कसा असेल?’ आणि चिंतेवरची गोळी लिहून दिली. खरे तर मी लहानपणापासून समोरच्या बाईच्या टिकलीकडे पाहून बोलते. त्या दिवशी डॉक्टरांच्या चष्म्याच्या फ्रेमकडे पाहत होते. नंतर भेटलेल्या समुपदेशक म्हणाल्या, ‘मोबाइलवर वाचून आजार ठरवू नका.’ आता तिसऱ्या ठिकाणी जाण्याचा धीर होत नाही. हा नाद सोडून द्यावा का?

उत्तर : सोडू नका. तुम्हाला स्वमग्नता आहे की नाही, हे एका पत्रावरून मी सांगू शकत नाही. मात्र ‘नाही’ म्हणण्यासाठी डॉक्टरांनी दिलेली कारणे पुरेशी नाहीत, हे निश्चित सांगता येते. टिकलीचे ते वाक्य तुम्ही त्यांना ऐकवले होते का? नसेल, तर दोष तुमचा नाही, कारण दहा मिनिटांत ते विचारले कुणी? त्यांना दिसली ती नजर. ती जागेवर ठेवण्यासाठी चाललेला आटापिटा दिसला नाही.

या गैरसमजाला इतिहासही आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या ११ स्वमग्न मुलांचे वर्णन केले, त्यांत ८ मुलगे होते, आणि पुढच्याच वर्षी बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्पर्गर यांनी मांडलेली चारही उदाहरणे मुलग्यांचीच होती. तेच चित्र अनेकांच्या मनात आजही पक्के आहे, त्यात पगारपत्रके बिनचूक करणारी गृहिणी बसत नाही. वास्तविक २०१३ च्या ‘डीएसएम-५’ या अमेरिकन निदानपुस्तिकेत स्पष्ट नमूद आहे की, लक्षणांची सुरुवात बालपणीच झालेली असली पाहिजे, परंतु भोवतालच्या अपेक्षा झेपेनाशा होईपर्यंत ती पूर्णपणे दिसतीलच असे नाही, आणि शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली ती झाकलीही जाऊ शकतात. आवाज-स्पर्शाचा असह्य त्रासही त्याच आवृत्तीपासून निकषांत आला, म्हणजे तुमचा मिक्सर ही किरकोळ तक्रार नव्हे.

गोळीविषयी एक सूचना : स्वमग्न व्यक्तींना चिंतेचा विकारही अनेकदा असतो, तेव्हा डॉक्टरांचे ते निदान कदाचित बरोबरच असेल, फक्त अपुरे असेल; म्हणून रागाच्या भरात गोळ्या परस्पर बंद करू नका.

तिसऱ्या ठिकाणी जाण्याआधी फोन करून ‘प्रौढांचे स्वमग्नतेचे मूल्यमापन तुमच्याकडे होते का?’ एवढेच विचारा, कारण पुष्कळ केंद्रांत केवळ मुलेच तपासली जातात. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) शोधा. पहिल्या दवाखान्यातील कागदपत्रे मागून घ्या. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार ती मिळण्याचा हक्क रुग्णाला आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा विचार तूर्त बाजूला ठेवा, ती वेगळी प्रक्रिया आहे.

भेटीला जाताना एक पानभर लिहून न्या, परंतु त्यात ‘मला ऑटिझम आहे असे वाटते’ हे पहिले वाक्य नको. (ते ऐकताच काही तज्ज्ञांचे कान मिटतात, आमच्या व्यवसायातील ही खोड मी नाकारत नाही.) काय जमते, यापेक्षा ते जमवण्यासाठी काय करावे लागते, हे लिहा : टिकली, हळदीकुंकवानंतरचे दोन दिवस, टेबल हलल्यावर न जुळलेली बेरीज.

बालपणीची माहिती तेथे हमखास विचारतील. आईला ‘मी लहानपणी कशी होते?’ असे विचारलेत, तर ‘शांत आणि हुशार’ एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी मधल्या सुट्टीत मी कुणाबरोबर डबा खात असे, लोकरीचा स्वेटर घालताना काय करीत असे, पाहुणे आले की कोणत्या खोलीत सापडत असे, हे विचारा आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्या.