एक ओटीपी, चार व्यवहार

प्रश्न: शनिवारी संध्याकाळी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणून फोन आला. माझ्या क्रेडिट कार्डाचा पूर्ण नंबर समोरच्यानंच मला वाचून दाखवला, त्यामुळे विश्वास बसला. वार्षिक शुल्क माफ करायचं म्हणून त्यानं ओटीपी विचारला आणि मी सांगितला. ७.२६ ला ६२,४०० रुपये गेले. ७.४१ आणि ७.४३ ला परदेशी चलनात आणखी दोन व्यवहार झाले, त्यांचा ओटीपी आलाच नाही. ७.५८ ला हेल्पलाइनला फोन करून कार्ड बंद करायला सांगितलं, तक्रार क्रमांक घेतला. तरी ८.२० ला चौथा व्यवहार झाला. पाच आठवड्यांनी बँकेचं उत्तर आलं: ‘ओटीपी तुम्ही दिलात, सर्व रक्कम तुमच्यावर.’ बिलही आलंय. पोलिसांत अजून गेलेले नाही. बिल भरू की नको?

उत्तर: तुम्ही वेळा मिनिटांनिशी दिल्यात, हे फार बरं केलंत. ‘सात-आठच्या सुमारास’ एवढंच सांगणारे पक्षकार मला जास्त भेटतात आणि तिथेच त्यांची बाजू लंगडी पडते. बँकेनं चारही व्यवहारांची एकच मोट बांधली आहे. ती आधी सोडू.

यात मुख्य आधार रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला घालून दिलेल्या नियमांचा. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यात बँकेवर टाकलेली आहे. ग्राहकानं गोपनीय माहिती स्वतःच दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. तुमच्या प्रकरणात ही रेघ ७.५८ वर पडते.

म्हणून शेवटच्या व्यवहारापासून सुरुवात करतो. ८.२० चे पैसे तुमच्यावर येत नाहीत, मग आधी ओटीपी दिलेला असो वा नसो. बँक कदाचित म्हणेल की व्यवहार आधीच झाला होता, मेसेज तेवढा उशिरा आला. तसं म्हटलं तर मंजुरीची नेमकी वेळ लेखी मागा. आणि कॉल-लॉगचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा; फोन बदलला की तो पुरावा गेला.

७.४१ आणि ७.४३ चे व्यवहार जास्त गुंतागुंतीचे आहेत. परदेशी वेबसाइटवर बरेचदा ओटीपी लागत नाही. नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे पुरतात. हे तुम्ही सांगितले नव्हते ना? मग ते दुसरीकडून कुठून तरी फुटले. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी व्यवहाराचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. तुम्ही १७ मिनिटांत कळवलंत. शिवाय २०२० पासूनच्या नियमांप्रमाणे कार्ड परदेशात कधीच वापरलं नसेल, तर ती सोय बंदच असायला हवी होती. ती कोणी, कधी, कोणत्या मार्गानं सुरू केली याची नोंद बँकेकडे असते. ती मागा. मात्र एक गोष्ट नीट आठवून बघा: तुम्ही सांगितलेला ओटीपी खरंच एकच होता का? दुसरा असेल आणि तो हीच सोय सुरू करण्यासाठीचा निघाला, तर बँकेच्या हातात मुद्दा मिळेल. मला आधी कळलेलं बरं, समोरच्या पक्षाकडून नको.

७.२६ च्या व्यवहाराबद्दल खोटी आशा दाखवत नाही. ओटीपीचा तो मेसेज पुसला नसेल तर पुन्हा वाचा. त्यात रक्कम आणि दुकानदाराचं नाव असूनही तुम्ही आकडे वाचून दाखवले असतील, तर हे पैसे परत मिळणं अवघड आहे. मेसेजमध्ये रक्कमच नसेल, तर भांडायला जागा आहे.

आता बिल. ‘किमान देय रक्कम’ गुपचूप भरून गप्प बसू नका. तीही वादातले व्यवहार धरूनच काढलेली असू शकते. तुमची स्वतःची खरेदी पूर्ण भरा. ७.२६ ची रक्कमही भरून टाकायची असेल, तर ‘हक्क राखून भरत आहे’ असा ईमेल त्याच दिवशी पाठवा. बाकी तिन्हींबद्दल लिहा की या व्यवहारांवर फसवणूक म्हणून हरकत घेतलेली आहे. अशा व्यवहारांवर वाद मिटेपर्यंत कोणतंही शुल्क लावता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं कार्डांविषयीच्या २०२२ च्या निर्देशांत घालून दिलं. त्याआधीच्या २०१७ च्या नियमांत, कळवल्यापासून कामकाजाच्या १० दिवसांत बँकेनं वादातली रक्कम ग्राहकाच्या खात्यात तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निर्णय द्यायचा, असंही आहे. ते १० दिवस कधीच उलटून गेलेत, हेही ईमेलमध्ये येऊ द्या. फोनवर भांडू नका, फोनचं काही शिल्लक राहत नाही.

बँकेनं तक्रार फेटाळलेलीच आहे, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायला तुम्ही मोकळ्या आहात. तक्रार ऑनलाइन होते, पैसे लागत नाहीत आणि तक्रारदाराच्या वतीनं वकील उभा राहिलेला तिथे चालत नाही. माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, पण व्यवस्था चांगली आहे. चार व्यवहार चार परिच्छेदांत, प्रत्येकाची वेळ आणि तुमची मागणी वेगळी लिहा. तिथे जमलं नाही तर ग्राहक आयोग आहेच, त्याची मुदत २ वर्षांची.

पोलिसांत गेला नाहीत म्हणून बँक सुटत नाही, पण तक्रार तरी कराच. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकाचा खरा उपयोग पहिल्या काही तासांत असतो, पैसे वाटेत असतानाच गोठवता येतात. पाच आठवड्यांनी तेवढी आशा नाही. तरीही सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंद करा. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६-सी आणि ६६-डी, तसंच भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ इथे लागू पडतात.

आणि येत्या काही दिवसांत ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, परत मिळवायला थोडं शुल्क भरा’ असा फोन येऊ शकतो. एकदा फसलेल्यांचे नंबर हे लोक एकमेकांना विकतात. फोन ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन लावा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या क्रमांकावर नको.