ज्वारीला ॲझोस्पिरिलम: गुण का येत नाही?

प्रश्न: रब्बी ज्वारीच्या 4 किलो बियाण्याला ॲझोस्पिरिलम (हवेतला नत्र बांधणारं जिवाणू खत) लावून वर गंधक चोळलं, उन्हात वाळवलं आणि दोन दिवसांनी पेरलं. काहीच फरक पडला नाही. का?

उत्तर: जिवाणू पेरणीआधीच मेले असणार. गंधक नेहमी आधी: काणी या बुरशीच्या रोगासाठी 300 मेशचं (अगदी बारीक भुकटी), किलोला 4 ग्रॅम. जिवाणू सगळ्यात शेवटी, किलोला 25 ग्रॅम, म्हणजे तुम्हाला 100 ग्रॅम. जिवाणू दाण्याला चिकटवायला गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करा. गरम पाण्यात जिवाणू तगत नाहीत. हलक्या हाताने चोळा, दाण्याची साल निघू देऊ नका. सावलीत गोणपाटावर सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.

हे मळसूत्री वळणाचे जिवाणू मुळांतून पाझरणाऱ्या आम्लांच्या ओढीने पोहत जातात, त्यामुळे पेरताना ओल हवीच. कोरड्यात टाकलेलं बियाणं म्हणजे पाकीट वाया. युरियाचा मोठा हप्ता दिलात तर ते हवेतला नत्र बांधायचं थांबवतात. तरी मुळं फुटायला मदत करतात, आणि कोरडवाहू ज्वारीत आमच्या मते तोच खरा फायदा. पाकीट घेताना अंतिम तारीख बघा. दुकानात उन्हात पडलेलं घेऊच नका.