नैसर्गिक युरेनियमचे दगड छंद म्हणून घरात ठेवणं सुरक्षित आहे का?

तुम्ही विचारलंय की घोडबंदर रोडला फ्लॅट आहे, परदेशी साइटवर ऑट्युनाइट आणि पिचब्लेंड या युरेनियमच्या खनिजांचे छोटे तुकडे विकायला दिसतात, ते मागवून शोकेसमध्ये ठेवले तर चालेल का आणि हाताळायचे कसे.

मागवू नका. अमेरिकेत शुद्ध न केलेलं युरेनियमचं खनिज बाळगायला परवाना लागत नाही, म्हणून तिथले लोक व्हिडिओत बिनधास्त हातात घेऊन दाखवतात. आपल्याकडे युरेनियमवर अणुऊर्जेच्या कायद्याखाली सरकारचं नियंत्रण आहे आणि कायदा मोडला तर कैद होऊ शकते. छंद आहे म्हणून कोणी सोडणार नाही. येऊरला किंवा पारसिकच्या डोंगरात शोधू म्हणाल, तर तिथेही मिळणार नाही. आपला सगळा काळा दगड बेसाल्ट, आणि त्यात युरेनियम दहा लाखांत एक भागही नसतं. भारतात ते निघतं झारखंडात जादूगुडाला, आंध्रात तुम्मलपल्लीला, सरकारी खाणींतून.

पण ‘घरात ठेवणं सुरक्षित आहे का’ हे वाचून राहवलं नाही. याच प्रश्नावरून आमच्या घरात २०१६ पासून वाद चालू आहे.

मी ऐरोलीचा. कॉलेजात असल्यापासून तुर्भे, पावण्याच्या खदानींवर जायचो. सुरुंग उडाला की खडकातल्या पोकळ्या उघड्या पडायच्या आणि आत झिओलाइट गटातल्या आणि त्यांच्यासोबत सापडणाऱ्या खनिजांचे स्फटिक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात बुडबुडे राहिले, नंतर मुरलेल्या गरम पाण्याने त्यात ही खनिजं भरली. मोतिया रंगाचा स्टिलबाइट गव्हाच्या पेंढीसारखा मध्ये आवळलेला असतो. ह्युलँडाइटच्या पृष्ठभागावर शिंपल्याची चकाकी. हिरवट प्रेह्नाइट द्राक्षांच्या घडासारखा. खदानीतली माणसं ओळखीची झाली होती, चांगला तुकडा निघाला की बाजूला काढून ठेवायची. वीस वर्षांत तीन पेट्या भरल्या, हापूसच्या लाकडी पेट्या, पेंढ्यासकट. प्रत्येक तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सोबत चिठ्ठी: कुठली खदान, कुठली तारीख. जागा नाही म्हणून पेट्या सोसायटीत गच्चीच्या जिन्याखाली होत्या.

डिसेंबर २०१६ मध्ये ठाण्यात पोलिसांनी जवळपास ९ किलो डिप्लीटेड युरेनियम (इंधनाच्या कामाचा भाग काढून घेतल्यावर उरलेलं) पकडलं. टीव्हीवर दोन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, जिन्याखाली पण कसले कसले दगड आहेत. मी सेकंड शिफ्टला होतो. माझा थोरला भाऊ मीटिंगला होता. दादाने ‘उगाच वाद नको’ म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, मी झोपेत असताना, तिन्ही पेट्या डेब्रिजच्या गाडीत टाकल्या. मला संध्याकाळी कळलं. उरला फक्त एक स्टिलबाइट, तो कंपनीत माझ्या टेबलावर होता म्हणून.

दादाला खोटं पाडायचं म्हणूनच मी महिन्याभरात गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र, विकत घेतला. आधी रिकाम्या खोलीत मोजलं, मिनिटाला १५-१६ टिकटिक. हे सगळीकडे असतंच. स्टिलबाइटला टेकवून मोजलं, तेवढीच. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर २४-२५. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम बेसाल्टपेक्षा जास्त असतं, त्यात भिण्यासारखं काही नाही. पण माझ्या तिन्ही पेट्यांपेक्षा आमचा ओटा जास्त ‘गरम’ होता, हे मी दादाला आणि वहिनीला उभं करून दाखवलं.

मग तोच काउंटर घेऊन घरभर फिरलो. लेकीच्या पुस्तकांच्या फळीजवळ आलो आणि टिकटिक एकदम घाईला आली. तिथे एक काचेची बाटली होती. केरळातल्या कोल्लमजवळच्या किनाऱ्यावरची काळी वाळू, एका मित्राने आणलेली, मीच हौसेने ठेवलेली. बाटलीला टेकवला तर मिनिटाला दोनशेच्या वर. त्या वाळूत मोनाझाइट असतं, आणि मोनाझाइटमध्ये थोरियम, तेही किरणोत्सारी. लेक तेव्हा सहावीत होती, बाटली उघडून कागदावर वाळू पसरायची आणि खालून चुंबक फिरवून काळे कण नाचवायची. त्या कागदाशेजारीच तिचा खाऊ असायचा.

दादाने निर्धोक, चमकणारे दगड फेकले आणि ही बाटली राहिली, कारण ती नुसती वाळू दिसत होती. मलाही ती नुसती वाळूच दिसत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता तुमच्या ‘हाताळायचे कसे’ला यातूनच उत्तर देतो. बाटलीपासून दोन हात लांब गेलो की काउंटर पुन्हा सोळावर. म्हणजे फळीवर बंद ठेवलेल्या वस्तूने विशेष काही होत नाही, अंतर फार मोठं काम करतं. युरेनियम-थोरियममधून निघणारे अल्फा किरण तर कातडीसुद्धा भेदत नाहीत. घात होतो तो धूळ नाकातोंडात गेली की, कारण मग तेच अल्फा किरण फुप्फुसाला आतून लागतात. पोटात गेलेलं युरेनियम किडनीला वेगळंच विष आहे. म्हणून असा दगड फोडायचा नाही, घासायचा नाही, कोरड्या ब्रशने झटकायचा नाही, हात धुतल्याशिवाय घास उचलायचा नाही. दुसरं, पिचब्लेंडसारखं कच्चं खनिज शुद्ध युरेनियमपेक्षा जास्त किरणोत्सारी असतं, कारण युरेनियम तुटत जाऊन तयार झालेलं, रेडियमसकट त्याचं सगळं खानदान त्यात असतं. मेरी क्युरींना १८९८ मध्ये रेडियम सापडलं ते याच फरकाचा माग काढत. रेडियमपासून रेडॉन वायू होतो, तो बंद डब्यात साठतो. म्हणून डबा उघडायचा तो मोकळ्या हवेत. बेडरूममध्ये तर ठेवायचाच नाही. आणि अंधारात जांभळ्या दिव्याखाली हिरवा चमकला म्हणजे किरणोत्सारी, हे साफ चूक. कॅल्साइटही चमकतो.

ती वाळू मित्र गावी जाताना घेऊन गेला आणि जिथली होती तिथेच ओतून आला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या लोक राहतात, त्याच किनाऱ्यावरच्या करुनागपल्लीच्या अभ्यासात त्यांच्यात कॅन्सर जास्त आढळला नाही. हे वाचल्यावर माझा जीव थोडा खाली पडला. पण किनाऱ्यावर राहणं वेगळं आणि मुलीने खाऊच्या शेजारी ती चाळणं वेगळं.

दादा अजून म्हणतो, ‘मी टाकलं म्हणून निभावलं.’ मी म्हणतो, न मोजता टाकलंस. २०२१ ला मुंबईत ७ किलो नैसर्गिक युरेनियम पकडलं तेव्हा त्याने मला २१ कोटींची बातमी दाखवली, बघ किती मोठं प्रकरण असतं. तेव्हा बाजारात युरेनियमचा भाव पाउंडाला ३० डॉलरच्या आसपास होता. हिशेब करा, ७ किलोचे पन्नास हजार रुपयेही होत नाहीत. भीती आणि किंमत, दोन्ही न मोजता वाढतात, हे मी त्याला शंभरदा सांगितलंय. तेव्हा तुम्ही पैसे घालायचेच असतील तर आधी काउंटरवर घाला, आणि जे काही घरात आणाल ते घरच्यांना मोजून दाखवा. सोसायटीच्या मीटिंगच्या आधी दाखवा.

दोन गोष्टी राहिल्या. आजोबा-काकांकडून असा एखादा दगड आधीच घरात आला असेल तर कचऱ्यात किंवा भंगारवाल्याला देऊ नका, अणुशक्तीनगरच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला लिहून विचारा.

आणि मी झिओलाइटला निर्धोक म्हटलं ते किरणोत्साराच्या बाबतीत. एरिओनाइट नावाचा तंतूसारखा झिओलाइट असतो. तुर्कस्तानात कॅपाडोशियाच्या काही गावांत त्याच्या धुळीने फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर झालेला आहे. म्हणून केसाळ, कापसासारखे तुकडे बंद डबीतच ठेवायचे, कधी घासायचे नाहीत. हे मी दादालाही सांगितलं आहे.