बरोबरी हातात असताना दोन गुणांचा हट्ट कशाला?

प्रश्न : भाच्याने मला अमेरिकी कॉलेज फुटबॉलचा जुना सामना दाखवला. २००७ चा फिएस्टा बाउल, बॉइसी स्टेट ४३, ओक्लाहोमा ४२. शेवटी एक साधी किक मारली असती तर बॉइसीची बरोबरी झाली असती. ती सोडून त्यांच्या प्रशिक्षकाने दोन गुणांचा हट्ट धरला. जिंकले म्हणून शहाणे ठरले, हरले असते तर? आणि 'बाउल' म्हणजे काय, संघांच्या नावाआधी आकडे कसले?
– एक वाचक

उत्तर : ताई, आधीच सांगून टाकतो. तेव्हा मी ओक्लाहोमातल्या नॉर्मनमध्ये, त्याच विद्यापीठात शिकत होतो. तेव्हा माझ्या उत्तरात जुनी ठसठस दिसली तर समजून घ्या.

सोपे प्रश्न आधी उरकतो. येल विद्यापीठाचं १९१४ चं स्टेडियम वाडग्यासारखं खोलगट, म्हणून ते येल बाउल. त्यावरून पासाडिनाच्या स्टेडियमला रोझ बाउल नाव पडलं, आणि पुढे हंगामानंतरच्या सगळ्याच निमंत्रित सामन्यांना 'बाउल' म्हणू लागले. आकडे म्हणजे क्रमवारी. एपी वृत्तसंस्थेसाठी पत्रकार मतं देतात, पहिले २५ संघ ठरतात. त्या दिवशी ओक्लाहोमा सातवं आणि बॉइसी नववं. कागदावर दोनच पायऱ्यांचं अंतर. पण ओक्लाहोमा म्हणजे जुनं, बडं घराणं आणि बॉइसी छोट्या परिषदेतला (म्हणजे संघांच्या छोट्या गटातला) संघ. हंगामात एकही सामना न हरलेला, तरी त्याला कुणी फारसं मोजत नव्हतं.

आता मुख्य मुद्दा. चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. त्यानंतर साधी किक मारून एक गुण, नाहीतर तीन यार्डांवरून पुन्हा एकदा चेंडू आत नेऊन दोन. १ जानेवारीची रात्र, सामना ॲरिझोनातल्या ग्लेनडेलला, आम्ही आठ जण एका खोलीत टीव्हीसमोर. एकदा २८-१० असा मागे पडलेला ओक्लाहोमा बरोबरीत आला. लगेच मार्कस वॉकरने बॉइसीचा पास मधल्या मध्ये पळवला आणि थेट टचडाउन! ३५-२८, उरलं जेमतेम एक मिनिट. सामना खिशात, असं म्हणून मी भांडी घासायला उठलो. नळ चालू असतानाच बाहेरचा आरडाओरडा एकदम थांबला. हातात साबणाचा तवा घेऊन परत आलो तेव्हा टीव्हीवर तोच क्षण पुन्हा दाखवत होते : चौथा डाउन (म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या चार प्रयत्नांतला शेवटचा), अजून १८ यार्ड जायचे होते, १८ सेकंद बाकी. बॉइसीचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) झब्रान्स्कीने जेम्सला पास दिला, आमचे सगळे जेम्सवर धावले, आणि त्याने चेंडू उलट दिशेने पळत येणाऱ्या रॅबकडे टाकला. सात सेकंद राखून ३५-३५.

जादा वेळेत दोन्ही संघांना २५ यार्डांवरून एकेक संधी मिळते. ओक्लाहोमाच्या ॲड्रियन पीटरसनने पहिल्याच डावात ते २५ यार्ड पळून काढले. ऑक्टोबरमध्ये गळपट्टीचं हाड मोडलेला हा माणूस! मला वाटतं, बॉइसीचे प्रशिक्षक क्रिस पीटरसन (नातं नाही, स्पेलिंगही वेगळं) यांचा निर्णय तिथेच झाला असावा. बॉइसीनेही चौथ्या डाउनला टचडाउन केलं, तेही क्वार्टरबॅक नसलेल्या पेरेटाच्या पासवर. ४२-४१. किक मारली असती तर पुन्हा एक फेरी, पुन्हा तोच ॲड्रियन पीटरसन. धिप्पाड, भरपूर राखीव खेळाडू असलेल्या संघासमोर खेळ जितका लांबेल तितकं छोट्या संघाचं नुकसान. शिवाय त्यांच्या पोतडीतल्या युक्त्याही संपत आल्या होत्या. मग तीन यार्डांवरून एकच डाव, आर या पार. म्हणून माझं मत विचाराल तर हरले असते तरी निर्णय बरोबरच होता. (२०२१ पासून दुसऱ्या फेरीत दोन गुणांचाच प्रयत्न करावा लागतो आणि तिसरीपासून नुसते तेच डाव आलटून पालटून होतात. तेव्हा असं नव्हतं.)

ती चाल भाच्याकडून पुन्हा लावून घ्या आणि चेंडूकडे न बघता झब्रान्स्कीच्या डाव्या हाताकडे बघा. उजवा हात उगारून तो उजवीकडे पास फेकल्याचं सोंग करतो. तो हात रिकामा! चेंडू डाव्या हातात, पाठीमागे, आणि इयन जॉन्सन तो तिथून उचलून डावीकडे पळतो. आमचा बचाव उजवीकडे झुकलेला; जॉन्सनला कुणाचं बोटही लागलं नाही. या चालीला 'स्टॅच्यू ऑफ लिबर्टी' म्हणतात. उगारलेला हात बघितलात की नाव का पडलं ते कळेल.

बॉइसी १३-० राहिलं, तरी अखेरच्या क्रमवारीत पाचवंच. अजिंक्यपद एक सामना हरलेल्या फ्लोरिडाला. तेव्हा बाद फेरी नव्हती; चार संघांची बाद फेरी २०१४ च्या हंगामात आली, बारा संघांची २०२४ च्या.

सामना संपल्यावर त्याच जॉन्सनने टीव्हीवर, मैदानातच, आपल्या चीअरलीडर मैत्रिणीला गुडघा टेकून लग्नाची मागणी घातली. ती मी दुसऱ्या दिवशी पाहिली. आमच्या खोलीतला टीव्ही तोवर कुणीतरी बंद केला होता, आणि मी पुन्हा तव्याकडे वळलो होतो.